बाईंचं पांढरं

नवीन माणूस समोर आलं की बाई आधी आपले दोन्ही हात पुढे करायच्या. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत कोड. मग हनुवटी वर करून ओठांच्या कडेचा आणि डाव्या पापणीवरचा डाग दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हे कोड आहे. लागत नाही, दुखत नाही, जात नाही. बघून झालं असेल तर आता बोलू या." सिल्वासात मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा माझ्या एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात सासूबाईंनी दिलेला शेवयांचा डबा, त्यामुळे मला धड नमस्कारही करता आला नाही. बाईंनी डबा माझ्या हातून घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "घरच्या गव्हाच्या?" मी मान हलवली. "मग आत या," म्हणाल्या.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. माझ्या नवऱ्याला जवळच्या मसाट गावातल्या एका सुताच्या कारखान्यात नोकरी लागली होती. धुळ्याकडची बरीच माणसं तेव्हा तिकडे कामाला येत. मला त्याच सुमारास शाळेत मराठी शिकवायची जागा मिळाली. शाळेमागे शिक्षकांसाठी खोल्यांची एक ओळ होती. त्यात आमची खोली बाईंच्या खोलीला लागून. बाई वेंगुर्ल्याजवळच्या एका गावच्या. लग्न झालेलं नव्हतं. शाळेत गृहशास्त्र शिकवायच्या आणि पाड्यांवरून आलेल्या मुलींचं वसतिगृह सांभाळायच्या. गावात त्यांना मागून काय म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं. "पांढरी बाई म्हणतात ना? म्हणू देत. काळी बाई म्हणाले असते तर चुकीचं झालं असतं."

शिक्षकांच्या खोलीत चहाचे कप एका ट्रेमध्ये यायचे आणि एक कप, कान तुटलेला, खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. तो कुणासाठी हे कुणी बोलत नसे. बाई रुजू झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी तो कप उचलून त्यात पेन्सिली ठेवल्या आणि शिपायाच्या हातून किटली घेऊन सगळ्यांचा चहा स्वतःच ओतायला सुरुवात केली. मी गेले तेव्हाही रोज त्याच ओतत. कुणी म्हणालं, "बाई, तुम्ही कशाला, शिपाई आहे की," तर म्हणायच्या, "लागत असेल तर सगळ्यांनाच लागू दे. मग कुणी कुणाकडे बघायचं हा प्रश्नच मिटला." चहा न घेणारे दोघेतिघे होते, ते हळूहळू घ्यायला लागले. बाईंचा चहा चांगला असे हेही एक कारण.

मुख्याध्यापकांच्या पत्नीने त्यांना एकदा आपुलकीने सुचवलं की लांब बाह्यांचं पोलकं घातलं तर उठून दिसणार नाही. बाईंनी दुसऱ्या दिवशी बाह्या आणखी आखूड करून आणल्या. साड्या गर्द रंगांच्या नेसायच्या, जांभळी, रामा हिरवी, ज्यावर त्यांचे हात जास्तच पांढरे दिसत. "अर्धवट दिसलं की माणसं टक लावतात," त्या म्हणायच्या. "पूर्ण दिसलं की कंटाळतात."

बाईंचं दुसरं वेड म्हणजे दुसऱ्यांच्या डब्यात डोकावणं. खाण्याचे त्यांनी तीन वर्ग केले होते: बांधणारं, पळवणारं आणि राखणारं. डाळी, मासे, दूध, अंडी हे अंग बांधणारं. भात, भाकरी, शेवई हे पळवणारं. पालेभाज्या आणि फळं ही दुखण्यापासून राखणारी. वर्गात मुलींकडून हे घोकून घेत नसत. प्रत्येकीला विचारत, "आज सकाळी काय खाल्लंस? त्यात बांधणारं काय होतं?" बहुतेकींच्या खाण्यात बांधणारं काहीच नसे. माझ्या नवऱ्याचा डबाही त्यांच्या तडाख्यातून सुटला नाही. भाकरी आणि ठेचा बघून म्हणाल्या, "पळवणारं आहे, जाळणारं आहे. बारा तास यंत्रापुढे उभा राहतो तो माणूस, त्याला बांधणारं कोण देणार?"

ज्याला पुढे सगळे पांढरं म्हणायला लागले तो त्यांचा पदार्थ पहिल्यांदा झाला तो माझ्याच चुलीवर. एका रविवारी बाई पदराआड पिशवी धरून आल्या. पिशवीत दमणहून आलेला ताजा मासा होता. "तुमच्या शेवया संपल्या नाहीत ना? गोड खीर करून वाया घालवू नका." मला वाटलं, मासा तळायचा असेल. त्यांनी मासा वाफवला, एकेक काटा बोटांनी चाचपून काढला. मग कढईत लोणी टाकून त्यावर चमचाभर कणीक गुलाबी होईपर्यंत परतली आणि अर्धा लिटर दूध हाती घेतलं.

"बाई, दूध कशाला?" मी म्हटलं.

"कशाला म्हणजे? ह्यात घालायला."

"माशात? आमच्याकडे तर म्हणतात..." मी तिथेच थांबले, कारण आमच्याकडे जे म्हणतात ते त्यांच्या हातांवर होतं.

बाईंनी दूध ओतलं आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून ढवळत राहिल्या. ढवळता ढवळता, बाजारभाव सांगावा तशा बोलल्या. "मी एकोणीस वर्षांची असताना पहिला डाग आला. सगळ्या गावाने सांगितलं, हिने दुधावर मासा खाल्ला. मी खाल्ला नव्हता. कुणी ऐकलं नाही. लग्न ठरलं होतं, ते मोडलं. मग मी हट्टाने मुंबईला शिकायला गेले. तिथे गृहशास्त्राच्या वर्गात एक दिवस पांढऱ्या रश्शातला मासा शिकवला. सगळ्या मुली नाक मुरडून बसल्या. मी म्हटलं, गुन्हा माझ्या नावावर लागलेलाच आहे, शिक्षाही भोगतेय, तर निदान गुन्हा तरी करून घेऊ. दोन ताटल्या खाल्ल्या."

रस्सा दाट झाल्यावर त्यांनी त्यात उकडलेल्या शेवया आणि मासा सोडला, मिरी भरडून टाकली, आणि अंगणातल्या शेवग्याचा मूठभर कोवळा पाला चिरून वर घातला. कढईतल्या पांढऱ्याशुभ्र रश्शात हिरवे ठिपके. तापीकाठची मी, मासा म्हणजे तिखटजाळ, नाकातून पाणी काढणारा रस्सा एवढंच मला माहीत. हे मऊ होतं, किंचित खारट, दुधाची साय आणि समुद्र एकदम तोंडात यावा तसं. पहिला घास मी भीतीने गिळला, दुसरा कुतूहलाने. तिसऱ्यानंतर ताटली पुन्हा पुढे केली. नवऱ्याने आधी "मला भाकरीच दे" म्हटलं होतं. त्याने रात्रपाळीला जाताना कढई पुसून खाल्ली.

"एका ताटलीत बांधणारं, पळवणारं, राखणारं तिन्ही," बाई म्हणाल्या. "आणि चावायला लागत नाही. तापातून उठलेल्या पोरीलाही जाईल." तेव्हाच मला कळलं की त्यांच्या मनात वसतिगृह आहे.

वसतिगृहातल्या मुली बहुतेक वारली, कोकणा समाजाच्या. येताना हाताच्या काड्या, केस तांबूस, संध्याकाळ झाली की काही जणी दिसेनासं होऊन भिंत चाचपत चालायच्या. रोजचं जेवण भात आणि पातळ वरण. बाईंनी आठवड्यातून एकदा, बुधवारी, पांढरं करायचं ठरवलं. वसतिगृहाची स्वयंपाकीण मणीबेन अडून बसली. तिचं बोलणं अर्धं गुजराती, अर्धं मराठी. "बाई, दूध ने मासा भेगा नाय करायचा, एका पातेल्यात नाय घालायचा. कोड निघे. माज्या हाताने पाप नको."

"माझ्याकडे बघून बोल," बाई म्हणाल्या. "हे दुधामाशाने आलेलं नाही. आणि समज आलं असतं, तरी मी शिकवते, स्वयंपाक करते, रात्री गाढ झोपते. माझं काय अडलंय? ह्या पोरींचं मात्र अडलंय. त्यांना चढाव चढताना धाप लागते."

मणीबेन पाठ फिरवून बसली. दर बुधवारी बाई स्वतःच मोठं पातेलं ढवळायच्या. मुलींनी त्याचं नावही पांढरंच ठेवलं. मंगळवारपासून विचारायच्या, "बाई, उद्या पांढरं?" पावसाळा सरला तोवर गालांवर थोडं मांस दिसायला लागलं होतं. एक भलंमोठं पातेलं शिकवण्यापेक्षा जास्त शिकवतं, असं बाई म्हणायच्या आणि मला, मराठीच्या शिक्षिकेला, मुद्दाम ऐकवायच्या.

पुढच्या हिवाळ्यात रमिला नावाच्या मुलीच्या दोन्ही गालांवर फिकट चट्टे उठले. बातमी शाळेच्या फाटकाबाहेर जायला वेळ लागला नाही. काही पालक मुलींना घरी न्यायला आले. बाई रमिलाला घेऊन सरळ दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी चट्टे बोटाने ताणून बघितले आणि सांगितलं की हे कोड नव्हे. कातडी कोरडी पडलीय, थंडीत लहान मुलांना होतं असं, तेल लावा, खायला नीट द्या. बाई परत येऊन हे सांगत राहिल्या, पण डॉक्टरांचं ऐकायला कुणी थांबलेलं नव्हतं. सगळे बाईंचे हात बघत होते.

मुख्याध्यापकांनी पालकांची सभा बोलावली. सर रत्नागिरीकडचे, मनाने वाईट नव्हते, पण संस्थेच्या लोकांना फार भ्यायचे. त्यांनी बाईंना आधी बाजूला घेऊन सांगितलं, "बंद केलं, एवढंच म्हणा. प्रकरण मिटेल."

"सर, परदेशात माणसं पिढ्यान्‌पिढ्या मासा दुधात शिजवून खातात. त्यांना कुठे कोड आलं?"

सर विचारात पडले. "ते आधीच गोरे, बाई. आलं तरी दिसत नसेल."

बाई एवढ्या तणावातही हसल्या. मग त्यांनी सभेसाठी बुधवारच मागून घेतला.

सभा वसतिगृहाच्या ओसरीवर भरली. बाई सगळ्यांच्या आधी येऊन खुर्चीवर बसल्या आणि मांडीवर ताटली घेऊन पांढरं खायला लागल्या. माणसं जमत होती, त्या खात होत्या. कारखान्याकडच्या एका गृहस्थांची मुलगी वसतिगृहात होती. ते उठून म्हणाले, "बाई, तुमचं झालं ते झालं. आमच्या पोरीला डाग पडला तर शादी कोण करणार? जिम्मेदारी कोणाची?"

बाईंनी ताटली खाली ठेवली. "माझं लग्न मोडलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, म्हणून मला विचारा. लग्न डागाने मोडत नाही. अशा सभांनी मोडतं. तुमच्या पोरीला काही झालेलं नाही. उद्या कुणी तिच्याबद्दल काही बोललं, तर ते आज तुम्ही इथे बोललात म्हणून बोलेल."

गृहस्थ खाली बसले. मागे खांबाला टेकून रमिलाची आई बसली होती. पाड्यावरून चालत आलेली, पायांवर धूळ. सरांनी तिला विचारलं की मुलीला घरी न्यायची आहे का. ती उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "आमचे घरा मासा असं तवा दूध नाय. दूध तं कवाच नाय. दोन्ही एका ताटात आमी बघलंच नाय, मंग आमचेत कोड झालेली माणसं हायेत ती कशानं झाली?"

तिने बाईंच्या ताटलीकडे बोट दाखवलं. "तां काय हाय, मना दे." बाईंनी उठून पातेल्यातून वाढून आणलं. तिने सगळ्यांदेखत बोटं चाटून खाल्लं आणि रमिलाला म्हणाली, "राह्य इथंच."

तरी पण निकाल व्हायचा तोच झाला. संस्थेने हुकूम काढला की वसतिगृहात दूध आणि मासा एकत्र शिजवायचा नाही, आणि बाईंकडचं वसतिगृह काढून माझ्याकडे दिलं. मी नाही म्हणायला निघाले होते. बाईंनी मला दारातच अडवलं. "घ्या. तुम्ही सोडलंत तर असा कुणी येईल जो पोरींना वरणाचं पाणी पाजेल. मला मान नको आहे, पातेलं चालू राहायला हवं." आणि मग थोडं थांबून म्हणाल्या, "एकत्र शिजवू नका म्हणालेत. ताटात शेजारी शेजारी वाढू नका असं कुठे म्हटलंय?"

तेव्हापासून दर बुधवारी एका पातेल्यात दुधातल्या शेवया आणि दुसऱ्यात वाफवलेला मासा असे दोन पदार्थ होऊ लागले. मुली ते ताटात कालवून घेत. सर एकदा पाहणीला आले, दोन्ही पातेली वेगवेगळी बघून समाधानाने परत गेले. इतके दिवस पाठ फिरवून बसलेली मणीबेन आता स्वतः वाढायला उभी राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी तर वेगळं वेगळंच वाढलं. पोरी काय मिसळे, मला शुं खबर?"

रमिलाचे चट्टे उन्हाळा लागेपर्यंत गेले. मी आनंदाने बाईंना सांगायला गेले. त्या वह्या तपासत होत्या. "बघा, डाग गेला हे सांगायला कुणी सभा बोलावत नाही," म्हणाल्या आणि पुन्हा तपासायला लागल्या.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बाई निवृत्त झाल्या. सिल्वासात तोवर कारखाने इतके वाढले होते की शाळेभोवतीची शेतं दिसेनाशी झाली होती. बाईंना गावी पोचवायला मी गेले. वेंगुर्ल्याच्या बाजारात एसटीतून उतरल्यावर बाईंनी सामान मला सांभाळायला सांगितलं आणि सुरमई घेऊन आल्या. घरी त्यांची आई होती, ऐंशीच्या घरातली, पाठीत वाकलेली पण खणखणीत आवाजाची. माशाची पिशवी बघून म्हातारी म्हणाली, "ता काकीकडे नेऊन दी."

मला नवल वाटलं. समुद्र ऐकू येतो अशा घरात मासा शिजत नाही? बाई मला विहिरीवर घेऊन गेल्या आणि तिथे सांगितलं. डाग आला तेव्हा गावाने मुलीला जेवढा दोष दिला त्याहून जास्त आईला दिला. चूल आईची, हात आईचा. आईने तेव्हा देवापुढे मासा सोडला, मुलगी बरी होईपर्यंत. मुलगी बरी झाली नाही. त्याला आता जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती. ह्या घरात मासा शिजला नव्हता आणि बाई सुट्टीत आल्या की शेजारी काकीकडे खात. "सिल्वासात सगळ्या जगाशी भांडले मी," बाई म्हणाल्या. "हिच्याशी भांडायचं राहिलं."

त्या संध्याकाळी बाईंनी आईच्या चुलीवर पांढरं केलं. म्हातारी ओट्यावर बसून बघत होती. अडवलं नाही, पण ताटली पुढे आल्यावर तिने हात मागे घेतला.

"माका नको गो. इतकी वर्सा काढलंय, आता कित्याक?"

"आई, मी तेव्हा खाल्लं नव्हतं. तू दिलं नव्हतंस. तुका ठावक आसा, माका ठावक आसा."

"ठावक आसा. पण आता मी खाल्लंय आणि तुझां कोड वाढलां तर?"

बाईंनी दोन्ही हात आईच्या समोर धरले. कोड आता कोपरांच्या वर गेलं होतं. "वाढांदे. सगळीच गोरी होतलंय. मगे डाग खंयचो आणि कातडी खंयची, कोण सांगतलो?"

म्हातारी आधी तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना हिसका बसला, मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. दात नव्हते. शेवया आणि मासा मऊच होता. ती सावकाश, एकेक घास जिभेवर घोळवत जेवली आणि ताटली रिकामी करून म्हणाली, "मीठ कमी आसा." बाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

त्यानंतर आई चारेक वर्षं जगली. बाईंना जाऊनही आता बराच काळ झाला. रमिला आरोग्यखात्यात नोकरीला लागली आणि पाड्यापाड्यांवर जाऊन आयांना काय खावं ते सांगते. संस्थेचा तो हुकूम कधी रद्द झाला नाही. मी निवृत्त होईपर्यंत दोन पातेली चालू ठेवली.

पण बाई म्हटलं की मला वेंगुर्ल्याची ती दुसरी सकाळ आठवते. मी निघायच्या तयारीत अंगणात उभी होते. बाई माझी पिशवी बांधत होत्या. रस्त्यावरून एक मासेवाली डोक्यावर पाटी घेऊन झपाझप चालली होती. ती आमच्या दारासमोर आली आणि मान न वळवता तशीच पुढे गेली. म्हातारी काठी टेकत पायरीपर्यंत आली आणि हाक मारली. मासेवाली थांबली नाही. ही हाक आपल्याला असेल असं तिला वाटलंच नसावं. म्हातारीने पुन्हा, गल्लीत घुमेल अशी हाक मारली. तेव्हा ती वळली आणि पाटी धरून जागच्या जागी उभी राहिली.

"आज्ये, तुका मासे व्हये? माजी सासू सांगायची, ह्या घरासमोर थांबा नको."

"मगे काय तुजां तोंड बघूक हाक मारलंय?" म्हातारी म्हणाली. "पाटी उतर."